खुलासा : जिम रायन यांचा विश्वविक्रम शाळेतला नव्हे
अमेरिकी धावपटू जिम रायन यांनी शाळेत असतानाच एक मैल शर्यतीचा विश्वविक्रम मोडला, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. विचिटा ईस्ट हायस्कूलमध्ये शिकत असताना, १९६४ साली कॉम्प्टन येथे, ३ मिनिटे ५९ सेकंदांत मैल पूर्ण करून चार मिनिटांच्या आत धावणारे ते पहिले शालेय धावपटू ठरले. त्या शर्यतीत त्यांचा क्रमांक आठवा होता, आणि सतरा वर्षांच्या मुलाचा तो आठवा क्रमांक मला पदकाइतकाच मोलाचा वाटतो. १९६५ मध्ये न्यूझीलंडचे ऑलिंपिक विजेते धावपटू पीटर स्नेल यांना हरवताना त्यांनी नोंदवलेली ३:५५.३ ही वेळ अमेरिकेतील शालेय विक्रम होती, जो थेट २००१ साली ॲलन वेब यांनी मोडला. ३:५१.३ हा विश्वविक्रम मात्र जुलै १९६६ मधला, कॅलिफोर्नियातील बर्कले येथील शर्यतीतला. तेव्हा रायन कॅन्सस विद्यापीठात शिकत होते.