लोणच्याची बरणी आणि हजार टोप्या

रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोच गंगापूर रोडहून वहिनींचा मेसेज आला. "भाऊजी, हे वाचा आणि खरं का ते सांगा. तुमच्या पुतण्याने सगळं सामान मागवून ठेवलंय." खाली तो फॉरवर्ड. वर दोन बंदुकांची चित्रं, मग 'काडतुसे घरीच भरा, निम्मे पैसे वाचवा! नवशिक्यांसाठी प्राइमरची सात गुपिते', आणि शेवटी अर्थातच 'जास्तीत जास्त शेअर करा'.

पुतण्या डॅलसला असतो. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला परवाना लागत नाही, प्राइमर दुकानात मिळतात, त्यामुळे त्याने मशीन आणलं यात गैर काही नाही. पण संध्याकाळी तोच मेसेज निफाडच्या मामेभावाने दाखवला, त्यांच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर आलेला. त्याच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर आहे. तेव्हा मात्र डोकं फिरलं. मी दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात तीस वर्षं काढली, त्यातली अकरा कॅप भरण्याच्या विभागात. प्राइमरला आम्ही कॅपच म्हणायचो. सात गुपितांतलं एकही धड नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. काडतुसाच्या बुडाशी मधोमध जी चिमुकली धातूची वाटी दिसते ती प्राइमर. आत चिमूटभर मिश्रण, त्यावर ऐरणीसारखा छोटा तुकडा. चाप ओढल्यावर बंदुकीची पिन वाटीवर आदळली की मिश्रण दोघांत चिरडतं, ठिणगी भोकातून आत जाते आणि दारू पेटते. ठासणीच्या बंदुकीला घोड्याखाली टोपी लावत, तिचंच हे नातवंड. काडतुसातलं शिसं आणि पितळ मुकं असतं, दारूसुद्धा उघड्यावर नुसती भरभर जळते. टिचकीसरशी फुटायचं, हा एकट्या प्राइमरचा धर्म. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला तो शर्टाचं बटण वाटलाय.

क्रम सोडून आधी तिसऱ्या गुपिताकडे येतो, कारण माझी झोप त्याने उडवली. 'कंपनीचे पाकीट विनाकारण मोठे असते व जागा अडवते. प्राइमर काढून कोरड्या काचेच्या बरणीत भरावेत, झाकण घट्ट लावावे. दमट हवा लागत नाही व हवे तेवढे मूठभर काढता येतात.'

मूठभर! शेंगदाणे आहेत का ते?

पाकीट मोठं असतं ते विनाकारण नाही. शंभर प्राइमरच्या ट्रेमध्ये प्रत्येकाला आपापली जागा असते, एकमेकांपासून सुटी. अशा दहा ट्रे मिळून हजाराचा खोका. एखादा फुटलाच तर शेजाऱ्याला घेऊन जाऊ नये, यासाठी ती रिकामी जागा ठेवलेली असते. आपण पैसे प्राइमरचे देतो तसेच त्या जागेचेही. एका प्राइमरमध्ये साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम मिश्रण असतं. मुख्य घटक लेड स्टिफ्नेट, जोडीला बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड, टेट्राझीन. हजार प्राइमर बरणीत ओतले म्हणजे 20 ते 40 ग्रॅम स्फोटक एका जागी आलं, आणि सगळे प्राइमर एकमेकांना टेकलेले. एक गेला की बाकीचे पाळीपाळीने जात नाहीत, एकदमच जातात. वर काच. तिचे तुकडे कुठवर जातील याचा हिशोब मला करायचा नाही.

हे माझ्या पदरचं नाही. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांची 1926 पासूनची संस्था आहे, सामी नावाची. काडतुसाचे मापदंड तीच ठरवते. प्राइमरची हाताळणी आणि साठवण यावर तिचं वेगळं पत्रक आहे आणि त्यात साफ लिहिलंय की प्राइमर फक्त कारखान्याच्या मूळ वेष्टनातच ठेवायचे. काचेच्या बाटल्या, मुरंब्याच्या बरण्या, प्लास्टिकचे किंवा धातूचे डबे यांत सुटे ओतून ठेवायचे नाहीत, कारण तसे साठवलेले प्राइमर सगळे मिळून एकदम फुटतात. पत्रकात बरणीचं नाव घेऊन लिहिलंय, म्हणजे हा मोह तिकडच्यांनाही झालेला दिसतो. वहिनी, पुतण्याला एवढं एक पत्रक वाचायला लावा, माझा बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

आमच्या विभागात प्रत्येक इमारतीच्या दारावर पाटी असे: आत माणसं जास्तीत जास्त इतकी, स्फोटक जास्तीत जास्त इतकं. आत शिरण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज जमिनीत जाते. मिश्रण वाटीत भरायचं ते ओलं असतानाच, कारण वाळल्यावर ते कुणाचं ऐकत नाही. ज्या वस्तूसाठी इतके सोपस्कार, ती हा गृहस्थ हळदीच्या डब्याशेजारी ठेवायला सांगतोय. शिवाय बरणी हलली की प्राइमर एकमेकांवर घासतात आणि मिश्रणाची भुकटी सुटते. मशीनच्या ट्रेमध्ये आणि भरायच्या नळीतही ती साठते, म्हणून काम संपल्यावर ते भाग पुसायचे असतात. खाली सांडलेले प्राइमर हाताने वेचायचे, व्हॅक्यूम क्लीनरने ओढायचे नाहीत.

दमट हवेचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने देऊन टाकतो. ओल प्राइमरला बाधते. पण त्यावर उपाय कोरड्या, थंड खोलीतलं कपाट, आणि आत मूळ खोका. सामी लाकडी कपाट सांगते, फळ्या निदान इंचभर जाडीच्या. तिकडच्या अग्निसुरक्षेच्या नियमात घरी ठेवायची कमाल मर्यादाही आहे, 10,000 प्राइमर. नवशिक्याला हजार पुष्कळ.

आता पहिलं गुपित: 'प्राइमर दोनच, लहान आणि मोठा. भोकात बसला की झाला.' यातही अर्धं खरं आहे आणि घात नेमका त्या अर्ध्यानेच होतो. मापं खरंच मुख्यतः दोन आहेत, लहान साधारण 4.45 मिलिमीटर आणि मोठं 5.33. (बारा बोअरचा प्राइमर तिसराच, 209 नंबरचा. निफाडकरांच्या ग्रुपवर हा मेसेज तिथेच फुकट गेला.) लहान रायफल प्राइमर आणि लहान पिस्तूल प्राइमर यांचं बाहेरचं माप एकच, त्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी आरामात बसतो. पण रायफलच्या प्राइमरची वाटी जाड पत्र्याची असते, पिस्तुलाच्या प्राइमरची पातळ. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाला सामीने दाबाची कमाल मर्यादा दिली आहे 35,000 पौंड दर चौरस इंच. पुतण्याच्या .223 रायफलला 55,000. पातळ वाटी त्या दाबाला फाटू शकते आणि तापलेला वायू पिनच्या वाटेने मागे येतो. मागे आपला चेहरा असतो. त्याच्या जातीच्या रायफलीत आणखी एक खोड आहे. पिन मोकळी असते, काडतूस आत सरकलं की दर वेळी ती प्राइमरला हलकी टिचकी मारतेच. जाड वाटी ती सोसते. पातळ वाटीने सोसली नाही तर चापाला बोट न लावता बार उडतो. उलट, रायफलचा प्राइमर पिस्तुलात घातला तर पुष्कळदा पिनचं बळ कमी पडतं आणि नुसता 'टक' असा आवाज येतो. मोठ्या मापात तर उंचीचाही फरक आहे. मोठा रायफल प्राइमर उंच असतो, पिस्तुलाच्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, तो बुडाबाहेर डोकावतो.

मग निवडायचा कसा? स्वतःच्या अकलेने नाहीच. दारू आणि गोळीच्या कंपन्या भरणीची पुस्तकं काढतात, त्यात प्रत्येक भरणीसोबत कुठल्या कंपनीचा कुठला प्राइमर वापरून चाचणी घेतली ते दिलेलं असतं. तोच आणायचा. तो मिळाला नाही आणि दुसरा घ्यावा लागला, किंवा साध्याऐवजी जास्त धगीचा मॅग्नम हाती आला, तर दारूचं माप पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यावर आणून पायरीपायरीने परत वर जायचं. दोन प्राइमरची धग सारखी नसते, तिच्याबरोबर दाबही बदलतो.

दुसऱ्या गुपितात 'बॉक्सर आणि बर्डन ही फक्त ब्रँडची नावे' असं म्हटलंय. ब्रँड कसले, दोन माणसं होती ती. दोघांच्या रचना 1866 च्या सुमाराच्या. बर्डन अमेरिकी, त्याच्या रचनेत ऐरण पुंगळीतच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं. बॉक्सर इंग्रज, त्याच्यात ऐरण प्राइमरमध्येच आणि पुंगळीला मधोमध एक भोक. गंमत अशी की अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि युरोपच्या सैन्यांनी बहुतेक अमेरिकनाची. घरी भरणाऱ्याला बॉक्सरच सोयीची, कारण जुना प्राइमर एका मधल्या पिनेने बाहेर ढकलता येतो. बर्डनच्या पुंगळीवर तीच पिन चालवली तर ती मोडते.

चौथं: 'नको असलेल्या प्राइमरवर तेलाचा थेंब टाका, तो मरतो.' कधी मरतो, कधी नाही. पुष्कळ प्राइमरवर लाखेचा किंवा कागदाचा थर असतो, तेल आत शिरेलच असं नाही. पाण्याने भिजलेला प्राइमर वाळल्यावर परत जागा होऊ शकतो. मेला समजून कचऱ्यात टाकलेला प्राइमर पुढे कचरा वेचणाऱ्या पोराच्या हातात जातो, एवढं लक्षात ठेवा.

पाचवं: 'प्राइमर वर राहिला तर हातोडीने हलके ठोकावे.' पिन जे करते तेच तुम्ही हातोडीने करणार, फक्त बंदुकीच्या बाहेर, तळहाताजवळ. प्राइमर बसवायचं हत्यार वेगळं असतं, त्याने सावकाश दाब द्यायचा, ठोका नाही. बसला की बुडावर बोट फिरवून बघायचं. तो पृष्ठभागाच्या केसभर खाली लागला पाहिजे, मिलिमीटरचा दहावा हिस्सा धरा. वर राहिला तर बार फुकट जातो किंवा नको तेव्हा उडतो. लष्करी पुंगळीच्या भोकाची कड आत दाबलेली असते, ती आधी मोकळी केल्याशिवाय प्राइमर जातच नाही. नवशिके बहुधा तिथेच जोर लावतात. डोळ्यांवर गॉगल हवाच. दारू भरून झालेल्या काडतुसाच्या प्राइमरला काही करायचं नाही.

सहाव्या गुपितात फुटलेल्या प्राइमरमध्ये दिवाळीच्या टिकल्यांची दारू भरून तो परत वापरायची 'आजोबांची युक्ती' आहे. कुणाचे आजोबा ते कळवावं, त्यांच्या हाताला बोटं किती होती तेही कळवावं. टिकलीतून दारू खरवडणं म्हणजेच तिला घासणं, आणि घासल्यावर फुटायचं हेच तिचं काम. एखाद्याच्या नशिबाने तिथे काही झालं नाही तरी अशा मिश्रणात बहुधा क्लोरेट असतं, त्याचं मीठ बंदुकीच्या नळीत उरतं, ते हवेतली ओल ओढतं आणि गंज चढतो. जुन्या काळी सैनिक क्लोरेटवाल्या काडतुसांनंतर नळीत उकळतं पाणी ओतत ते याचसाठी.

आणि सातवं, खास आपल्यासाठी: 'भारतात प्राइमर सहज मिळत नाहीत, परदेशातील नातेवाईकांना येताना एक पाकीट आणायला सांगा.' पुतण्या दिवाळीला येतोय, म्हणून हे ठळक सांगतो. अमेरिकेतून निघताना प्राइमर हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि सामानातही नाहीत. इथे 1959 च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा धरली आहेत. विनापरवाना आणणं, विनापरवाना बनवणं, दोन्ही गुन्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला शिक्षा 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. मामेभावाचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, घरी काडतुसं भरण्याचा नाही. त्याला मी फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "अरे, मी नुसतं वाचत होतो." नुसतं वाचून चाळीस जणांना पुढे पाठवलं होतं त्याने.

रात्री पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. प्राइमरचे खोके अजून सीलबंद होते, पण शेजारी टेबलावर धुऊन पुसून ठेवलेली काचेची बरणी दिसली. मे महिन्यात वहिनींनी कैरीचं लोणचं भरून दिलं होतं तीच. "काका, उद्या भरणारच होतो," म्हणाला. मग तासभर त्याला हे सगळं ऐकवलं. वर हेही, की प्राइमरच्या मिश्रणात आणि उडवलेल्या पुंगळीच्या काजळीत शिसं असतं, त्या टेबलावर चहाबिस्कीट न्यायचं नाही आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे.

वहिनी तिसऱ्या चौकोनातून सगळं ऐकत होत्या. शेवटी त्यांचा प्रश्न आला: "मग भाऊजी, ती बरणी पुन्हा लोणच्याला चालेल ना?"

"एकही टोपी आत गेली नसेल तर चालेल."

पुतण्याने लगेच मान हलवली नाही. वहिनी म्हणाल्या, "राहू दे, मी दुसरी देते."