बडोद्यासाठी आयएसएलचा संघ मागण्याआधी

बडोद्याचाही एक संघ आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीग या देशाच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, असावा, ही मागणी आपल्या बडोदेकर मंडळींत अधूनमधून जोर धरते. गुजरातचा एकही संघ आजवर त्या लीगमध्ये खेळलेला नाही, त्यामुळे वाईट वाटणं साहजिक आहे. २०१७ मध्ये नव्या संघांसाठी निविदा निघाल्या तेव्हा शहरांच्या यादीत अहमदाबादचं नाव होतं, पण आत आले बंगळुरू आणि जमशेदपूर. तरीही माझं मत स्पष्ट आहे: फ्रँचायझी, म्हणजे फी भरून मालकाने घेतलेला संघ, मागू नका. मागायची तर शहराची स्वतःची लीग मागा. आठ संघांची, साडेतीन महिने चालणारी, आणि वर चढायची-खाली उतरायची वाट मोकळी असलेली. असं का म्हणतो, ते देशाच्या लीगचा इतिहास पाहिला की कळेल.

आपल्याकडे फुटबॉल जुना, राष्ट्रीय लीग मात्र फार उशिरा आली. ड्युरँड कप १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा, आयएफए शील्ड १८९३ ची. या सगळ्या मुळात बाद फेरीच्या स्पर्धा. सोळा संघांची बाद फेरी पंधरा सामन्यांत संपते आणि निम्मे संघ एकच सामना खेळून घरी जातात. तेच सोळा संघ घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर एकमेकांशी खेळले तर २४० सामने होतात. खेळाडू घडतो तो या २४० मध्ये. कलकत्त्याला हे लवकर कळलं. तिथली शहराची लीग १८९८ पासूनची आहे. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन यांचा दबदबा त्या लीगनेच उभा केला. राष्ट्रीय लीग यायला त्यानंतर तब्बल ९८ वर्षं लागली.

१९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली. १२ संघ होते आणि पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने घेतलं. बायचुंग भुतियाने त्या हंगामात १४ गोल केले. जेसीटी हा कापड गिरणीचा संघ. २००५-०६ ची विजेती महिंद्रा युनायटेड हाही कंपनीचाच संघ. धेंपो आणि साळगावकर यांच्यामागे गोव्यातली उद्योग घराणी उभी होती. अशा संघांचा खर्च कंपनीच्या खात्यावर पडायचा. तिकिटांतून फारसं काही येत नव्हतं, टीव्हीतून तर त्याहून कमी. मालकाने वर्षाचा हिशेब पाहिला की सगळ्यात आधी कात्री लागायची ती संघालाच. २००७ मध्ये लीगचं नाव आय-लीग झालं, पण दुखणं तेच राहिलं. महिंद्रा २०१० मध्ये बंद झाला, जेसीटी २०११ मध्ये. पहिला राष्ट्रीय विजेता संघ पंधरा वर्षांत दिसेनासा झाला, याची खंत आजही वाटते.

डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने रिलायन्स आणि आयएमजी ही क्रीडा व्यवस्थापन कंपनी यांच्याशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातूनच २०१४ मध्ये आठ संघांची आयएसएल आली. तिचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. मैदानं सुधारली, चांगलं प्रक्षेपण आलं, भारतीय खेळाडूंच्या हातात नीट पैसे आले, संघासोबत फिजिओ आणि आहारतज्ज्ञ फिरू लागले. पण सुरुवातीचा साचाच आखूड होता. प्रत्येक संघाला साखळीत १४ सामने, आणि ऑक्टोबरात सुरू झालेली लीग डिसेंबरात आटोपलेली. शिवाय अकरांत सहा परदेशी खेळाडू चालायचे. साहजिकच क्लबांनी परदेशी खेळाडू घेतले ते गोल करणाऱ्या जागांवर, आणि भारतीय मुलं बचावात किंवा कडेला गेली. पुढे ही संख्या पाच आणि मग चार झाली, पण सवय लागायची ती लागली. निवृत्त झालेल्या स्ट्रायकर सुनील छेत्रीला २०२५ मध्ये वयाच्या चाळिशीत देशासाठी परत बोलवावं लागलं, त्याचं एक मोठं कारण मला इथे दिसतं.

फ्रँचायझीचं दुसरं दुखणं आपल्या पुणेकरांना चांगलं ठाऊक आहे. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२१-२२ चा चषक जिंकला. पुढे २०२५ मध्ये तोच संघ नाव बदलून दिल्लीला गेला. चषक जिंकून देणाऱ्या शहराच्या हातीही संघ उरत नाही. मालकाची गणितं बदलली की संघ गाव बदलतो आणि मागे राहतात ते फक्त जर्सी घेतलेले लोक.

याच्या उलट मिझोरामच्या आयझॉल एफसीचं पाहा. २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून ते खाली गेले होते. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्यांना पुन्हा जागा मिळाली आणि पुढच्याच हंगामात प्रशिक्षक खालिद जमीलच्या हाताखाली ते विजेते झाले. १८ सामन्यांत ३७ गुण, मोहन बागानचे ३६. मिझोरामसारख्या छोट्या राज्याचा संघ देशाचा विजेता झाला, कारण मिझोरामची आपली लीग होती, त्या लीगला प्रेक्षक होते आणि मुलं आठवड्याला खेळत होती.

२०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या आराखड्यानुसार आयएसएल देशाची अव्वल लीग ठरली. २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता फ्रँचायझी फी न भरता वर येऊ लागला आणि पंजाब एफसी तसा पहिला संघ ठरला. त्याच आराखड्यात २०२४-२५ पासून खाली उतरणंही होतं. ते झालं नाही. मग २०२५ मध्ये तो १५ वर्षांचा करार संपत आला तरी नवा ठरेना, आणि २०२५-२६ चा हंगाम सप्टेंबरऐवजी फेब्रुवारी २०२६ पासून, १४ संघ, एकेरी फेरी (प्रत्येकाशी एकदाच सामना) असा घ्यायचं ठरलं. म्हणजे साखळीत एका संघाला १३ सामने. आदल्या हंगामात तेच २४ होते. २४ सामने म्हणजे अकरा जणांची मिळून २३,७६० मिनिटं, आणि १३ म्हणजे १२,८७०. ही जवळपास अर्धी झालेली मिनिटं कापली जातात ती संघातल्या सोळाव्या, सतराव्या मुलाची. इतके कमी सामने असले की प्रशिक्षक नवख्याला उतरवायची जोखीम घेत नाही.

आता बडोद्याकडे येतो. क्रिकेटमध्ये आपल्या शहराने नयन मोंगिया दिला, पठाण भाऊ दिले, पंड्या भाऊ दिले. बडोद्याची आयपीएल फ्रँचायझी कधीच नव्हती. होतं ते मोतीबागेचं मैदान, क्लबांचं क्रिकेट, वयोगटांचे संघ आणि रणजीचा संघ. फुटबॉलला हा पायाच नाही. २०२४ मध्ये गुजरात सुपर लीगमध्ये बडोद्याच्या नावाने संघ उतरला ही चांगलीच गोष्ट, पण ती स्पर्धा पंधरवड्याच्या आत आटोपली. तेवढ्यात खेळाडू दिसतो, घडत नाही.

माझ्या मनातली शहराची लीग अशी. आठ संघ, दुहेरी फेरी (प्रत्येकाशी दोनदा सामना): १४ फेऱ्या, ५६ सामने. शनिवारी दोन, रविवारी दोन धरले तर एका मैदानावर १४ आठवडे. दिवाळीनंतर सुरू करावी आणि उतराणचा (संक्रांतीचा) आठवडा मोकळा ठेवावा, त्या दिवसांत सगळं बडोदं गच्चीवर असतं. फेब्रुवारीअखेर, ऊन चढायच्या आत संपवावी. पावसाळ्यात घेऊ नये. आपल्याकडची काळी माती भिजली की बुटाला चिकटते आणि वाळली की भेगाळते, दोन्हीत गुडघे जातात.

मैदानाची खरी अडचण नवरात्रात होते. गरब्याच्या मंडपाचे खांब निघाले की खड्डे राहतात. ते एकदम माती लोटून बुजवले तर वरून सपाट दिसतात, पण आठवड्याभरात आतून खचतात आणि घोटा मुरगळतो. दर वेळी चार बोटं माती, पाणी, ठोकून दाबणं, मग पुढचा थर, असं वरपर्यंत आणावं लागतं. ट्रक जिथे उभे राहिले तिथे जमीन दबून कडक होते आणि पाणी साचतं. तिथे लोखंडी काट्याने वीतभर खोल भोकं पाडून जाडी रेती भरावी. दसरा ते दिवाळी वीस दिवस मिळतात, कामाला तेवढे पुरतात. फक्त मैदान ताब्यात घ्यायची तारीख भाडेकरारातच लिहून घ्यायला हवी.

प्रत्येक खेळाडूची नोंद महासंघाच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेत, असलीच पाहिजे. ती नसेल तर शहरात तीन महिने खेळलेला मुलगा राज्याच्या कागदावर कुठेच नसतो. खर्चात पहिलं नाव रेफरींचं धरावं. पैसे थकले की चांगले रेफरी येणं बंद होतं आणि मग भांडणं सुरू होतात. शेवटच्या फेऱ्यांत हरलेले संघ मैदानात येत नाहीत, हा सगळीकडचा अनुभव. त्यासाठी परत मिळणारी अनामत आधी घ्यावी. न आल्यास ३-० ने हार आणि अनामत जप्त. शेवटच्या फेरीचे चारही सामने एकाच वेळी, त्यासाठी एका दिवसापुरती आणखी तीन मैदानं ठरवून ठेवावीत.

दुसरा विभाग एकेरी फेरीचा, वेगळ्या मैदानावर. वरच्या विभागातले शेवटचे दोन खाली, खालच्या विभागातले पहिले दोन वर. मालक कितीही मोठा असो, सातवा-आठवा आला की उतरायचं, हे पहिल्या शिट्टीआधी सगळ्या संघांच्या सह्यांनिशी कागदावर हवं. आणि हंगाम सुरू झाल्यावर हा नियम बदलता येणार नाही, हे कलमही त्याच कागदावर.