चित्र दिसतंय, पण सेव्ह होत नाही

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रमाणपत्रं करणारं एक एचटीएमएल पान बनवलं होतं. कोऱ्या प्रमाणपत्राचं चित्र कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या चौकटीवर, घ्यायचं, त्यावर मुलाचं नाव लिहायचं, बटण दाबलं की पीएनजी डाऊनलोड. शाळेत इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून सगळं पेन ड्राइव्हवर. डबल क्लिक केलं, पान उघडलं, नाव सुंदर उमटलं. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारी खिडकी, उघडला तेव्हा कळलं: सिक्युरिटी एरर. कॅनव्हास ‘टेंटेड’, म्हणजे डाग लागलेला. त्यातलं चित्र बाहेर देणार नाही.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, आणि त्यासाठीच ही पोस्ट लिहितेय. ‘क्रोमची वेब सिक्युरिटी बंद करून टाका.’ म्हणजे एका साइटला दुसरीचं काही वाचू न देणारा पहाराच उठवा. कृपया करू नका.

डबल क्लिकने उघडलेल्या पानाला ब्राउझर कुठलीच ओळख देत नाही. शेजारच्याच फोल्डरमधलं चित्रही त्याच्या लेखी परक्याचं. ते दाखवायला त्याची हरकत नसते, पण त्याचे पिक्सेल पानातल्या कोडच्या हाती तो देत नाही. फायरफॉक्स पूर्वी एकाच फोल्डरमधल्या फाइल्स एकमेकींना वाचू द्यायचा. मग एका संशोधकाने दाखवून दिलं की अँड्रॉइडवर मेसेजिंग अ‍ॅपमधून आलेली एचटीएमएल फाइल उघडली, तर ती इतरांनी पाठवलेल्या फाइल्सही वाचू शकते, कारण अ‍ॅप फाइल्सना ठरावीक पद्धतीची, अंदाजाने ओळखता येणारी नावं देतं. जुलै २०१९ मध्ये, ६८व्या आवृत्तीत, ही सवलत बंद झाली.

आता आपलं डाऊनलोड्स फोल्डर डोळ्यांसमोर आणा. आधारचं स्कॅन, पासबुकाचा फोटो, मुलांचे दाखले. ‘निकाल पाहा’ म्हणून कुणीतरी पाठवलेली फाइलही तिथेच पडलेली असते. आणि वेब सिक्युरिटीच बंद केली, तर कुठलीही वेबसाइट तुमच्या लॉगिन असलेल्या दुसऱ्या साइटवरचा मजकूर वाचू शकते. शाळेच्या संगणकावर तर हे कदापि नको, तिथे दिवसभरात दहा जण बसतात.

मार्ग साधे आहेत. मी चित्र बेस६४ करून, म्हणजे त्याचं अक्षरांत रूपांतर करून, पानातच घातलं. फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, पण डाग लागत नाही. चित्र बदलतं ठेवायचं असेल तर ‘फाइल निवडा’चं बटण द्या, माणसाने स्वतः निवडलेली फाइल पानाला वाचता येते. संगणकावर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असेल तर तिचा छोटा सर्व्हर सुरू करून पान लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच संगणकाच्या पत्त्यावरून, उघडा. चित्राला क्रॉसओरिजिनचा गुणधर्म (दुसऱ्या ठिकाणचं चित्र वापरायची परवानगी मागणारा) लावून मात्र डबल क्लिकने उघडलेल्या पानात काही होत नाही, समोरून परवानगी द्यायला सर्व्हरच नसतो.

ब्राउझर बनवणाऱ्यांकडे माझी एकच तक्रार आहे. अडवा, पण का अडवलं ते पानावर दिसेल असं सांगा. कन्सोल किती शिक्षकांना ठाऊक असतो? कारण कळलं नाही की माणूस कुलूपच तोडायला निघतो.

प्रमाणपत्राचं पान कुणाला हवं असेल तर कमेंट करा, पाठवते. एचटीएमएल फाइलच आहे, तेव्हा आधी नोटपॅडमध्ये उघडून वाचा, मगच चालवा.