गेटवर फुंकायला लावतात, पण…

गुरुवार, म्हणजे भोसरी एमआयडीसीचा रविवार. टपरीशेजारच्या कट्ट्यावर आम्ही चौघं आणि विषय बारा तासांचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे नऊ तास बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली. तिमाहीच्या ओव्हरटाइमची (ओटीची) मर्यादाही ११५ तासांवरून १४४. सुन्या तेव्हापासून खूश.

"आठवड्याचे ४८ तास तेच आहेत ना? चार दिवस बारा-बारा मारायचे, तीन दिवस गावाला!"

"तीन दिवस?" दत्ता हसला. "तुझ्या सायबाला माहितीये का हे?"

"अरे, ओटीला आपली लेखी संमती लागते."

"जॉइनिंगच्या कागदांतच घेतील. तेव्हा पानं वाचली होतीस का?"

पक्या प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय त्याची प्रेस खाली येत नाही. हात वाचावा म्हणूनच तशी केलीय. पण टार्गेट चढलं की एका बटणावर पॅकिंग टेप बसते.

"फर्स्ट शिफ्टला हात आपोआप मागे येतो," खारी बुडवत तो म्हणाला. "डबल शिफ्टच्या शेवटी आला असं वाटतं. आलेला नसतो."

"झोप आली की मला कळतं. तोंडावर पाणी मारायचं," सुन्या.

मग मी बोललो. ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी १९९७ मध्ये मोजलं होतं: सलग सतरा तास जागा माणूस, रक्तात १०० मिलीला ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा चुकतो. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ३० ची. पहाटे पाचला उठून डबल मारणाऱ्याचे सतरा तास रात्री दहालाच भरतात, शिफ्ट अजून चालूच. दारू प्यालास का बघायला गेटवर मशीनमध्ये फुंकायला लावतात, पण कधीपासून जागा आहेस हे कुणी विचारत नाही. आणि प्यालेल्यासारखंच, 'मला काही झालं नाही' हेही तोच सांगतो.

"पैसे कोण देणार मग? तू?" सुन्या चिडला. खोटं नव्हतं ते. कायद्याने ओटी दुप्पट. कॉन्ट्रॅक्टवाल्या दत्ताला सिंगलच मिळते, तरी तो नाही म्हणत नाही. खोलीचं भाडं भरायचं असतं.

पक्याने शांतपणे विचारलं, "मंगळवारी डबल मारून गाडीवर घरी गेलास ना? लांडेवाडीचा सिग्नल लाल होता का हिरवा?"

सुन्याने जरा आठवून बघितलं. मग चौघांच्या चहाचे पैसे दिले.