पुण्य राहू द्या, घरी येऊन बसा

आज बेळगावच्या शहापुरात एका साखरपुड्याला गेलेलो. पोराला पण घेऊन गेलो, व्हीलचेअर पायऱ्यांवरून तिघाचौघांनी मिळून वर नेली, तोपर्यंत सगळं छान. जेवताना चांगल्या ओळखीची एक बाई माझा हात धरून म्हटली, "केवढं पुण्य लागणार गं तुला!" आणि लगेच, "सरकार पैसे देतंय म्हणे ना? आणि परत कधी नेणार त्याला?" तो तिथंच होता. मी त्याला वरणभात भरवत होते. त्याला बोलता येत नाही, पण ऐकायला सगळं येतंय! तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आम्ही त्याला दत्तक घेतलेलं नाही. फॉस्टर केअर म्हणतात याला, 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे, बाल कल्याण समितीच्या ऑर्डरनं पोर काही काळ आपल्या घरात राहतं. नाव विचारू नका, फोटो मागू नका, कायद्यानं टाकता येत नाही आणि आला असता तरी मी टाकला नसता. नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, हातपाय ताठरतात, थंडीत तर जास्तच, आणि बेळगावची थंडी तुम्हाला मी काय सांगू.

पहिले दोन महिने हा पोरगा रात्री एकदाही ओरडला नाही. त्याला आपली आपण कूस बदलता येत नाही, एकाच अंगावर राहिला तर जखम होते, म्हणून आम्ही गजर लावून उठायचो. बघावं तर हा जागाच. डोळे उघडे, गप्प पडलेला. मला वाटायचं केवढं गुणी पोर! मग फिजिओच्या बाईंनी विचारलं, रात्री हाक मारतो का? आणि माझ्या पोटात गोळाच आला. हाक मारली की कुणीतरी येतं हे त्याला माहीतच नव्हतं. आधी तो ज्या संस्थेत होता तिथल्या बायकांना मी दोष देत नाही, एवढ्या पोरांमागं रात्रीची एकटी बाई कुणाकुणाकडं धावणार.

आणि मग एका रात्री पावणेतीनला "आँऽऽ" असा मोठ्यानं आवाज. पाय आखडलेला. आमचे हे पाय चोळत बसले आणि मी शेजारी बसून नुसती रडत होते, आनंदानं. त्यानं बोलावलं होतं आम्हाला!

तर पैशाचं. सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला 4000 रुपये आहेत. डायपर, फिजिओ, रिक्षा, करा हिशोब. पावणेतीनला उठून पाय चोळायला 4000 रुपयांसाठी कोण येतं सांगा मला.

दुसरं भाषेचं, कारण तेही विचारतात. आमच्या घरात मराठी, त्याचे कान कानडीला सरावलेले. पहिल्या आठवड्यात "पाणी पाहिजे का" विचारलं तर बघायचाच नाही, आमच्या वडगावच्या मागावर कामाला येणारी बाई "नीर बेकेन?" म्हटली आणि लगेच मान वळली. आता दोन्ही कळतंय. सीमाभागात जन्म गेला माझा, मराठीच्या मोर्च्यात चालले आहे, पुढंही चालेन, पण माझ्या घरात त्याला नीर म्हटलं तरी पाणी मिळणार.

परत जाणार का? हो, जाऊ शकतो. त्याला आई आहे, तिची परिस्थिती सुधारली तर ती नेईल, नेऊ दे, त्याचसाठी तर ही सोय आहे. 2024 च्या नियमांत दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक घेता येतं, आधी पाच होती, पण त्यासाठी पोर कायद्यानं दत्तकाला मोकळं लागतं. तो गेला तर मला त्रास होणार, खूप होणार. पण जिथं जाईल तिथं तो हाक मारेल, गप्प पडून राहणार नाही.

दोघी मैत्रिणींनी मागं मेसेजमध्ये विचारलेलं म्हणून सांगते, आता एकट्या बाईलाही असं पोर सांभाळायला घेता येतं, लग्न झालेलं नसलं तरी, वय 35 ते 55, पोर बारा वर्षांवरचं असेल तर 60 पर्यंत. एकट्या पुरुषालाही, पण त्याला मुलगी देत नाहीत. जिल्हा बाल संरक्षण घटकात जाऊन विचारा, तिथं घाबरण्यासारखं काही नाही.

सगळ्यांना जमणार नाही, मान्य. उचलून उचलून माझीच कंबर धरते. पण ज्यांना जमत नाही त्यांनी मला देवी करून लांब उभं राहू नका हो. दीड वर्षात पुण्य पुण्य म्हणणारे पन्नास भेटले, त्यातलं घरी येऊन तासभर त्याच्याजवळ बसलेलं माणूस एक, आमच्या मागावरची बाई. मला केस धुवायला तेवढा वेळ तिनं दिला.

त्या साखरपुड्यातल्या बाईवर सकाळएवढा राग आता राहिला नाही. तिला कुणी सांगितलंच नसेल. ती हे वाचत असेल तर तिनंही यावं.

रविवारी दुपारी आम्ही घरीच आहोत. येताना फळंबिळं काही आणू नका. चपला दारात जरा आवाज करून काढा, आवाजावरून माणूस ओळखतो तो. आणि आधी त्याच्याशी बोला, मग माझ्याशी. मराठी, कानडी काहीही चालतंय.