देठाला हात लावू नये

देठ आधीच मोडलेला होता. हे मी मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, शेवटी हातवारे करून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. आता तुम्हाला सांगते.

इलिनॉयमध्ये ऑक्टोबर लागला की घरापुढच्या पायऱ्यांवर भोपळे न मांडणारं कुटुंब एकतर बाहेरगावी गेलेलं असतं नाहीतर त्यांचं आपसात काहीतरी बिनसलेलं असतं, असा आमच्या गल्लीचा समज आहे. आमचं तसं काही नाही हे जाहीर करण्यासाठी मी शहराबाहेरच्या एका शेतावर गेले. पायऱ्यांसाठी एकदोन देखणे भोपळे आणि भरीत-घारग्यांसाठी एक, एवढंच घ्यायचं होतं.

तिथे लाकडी खोक्यांत ढिगाने भोपळे. वर पाटी: देठ धरून उचलू नका, मोडलात तर घ्यावा लागेल. मी पाटी वाचली. वाचून खालून दोन्ही हात घातले आणि एक चांगला गरगरीत, केशरी भोपळा उचलला. भोपळा वर आला, देठ खोक्यातच राहिला.

गल्ल्यावरचा मुलगा बघत होता. सतरा-अठरा वर्षांचा असेल. चेहऱ्यावर मुरुमं आणि कायद्याचं राज्य. त्याने काही न बोलता पाटीकडे बोट दाखवलं. मी माझी बाजू मांडायला तोंड उघडणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"जखम ओली आहे."

मराठीत. परदेशात अचानक मराठी ऐकलं की जो उमाळा येतो तो पुरता यायच्या आत माझ्या लक्षात आलं, की हे वाक्य माझ्या विरोधात आहे. वळून पाहिलं तर माकडटोपी, हातविणीचा स्वेटर आणि पायात मुलाने घेऊन दिलेले असावेत असे पांढरेशुभ्र बूट घातलेले एक काका. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती, तरी नंतर सांगितलंच.

"काका, तो आधीच मोडलेला होता."

"ताई, मी एकतीस वर्षं कृषी खात्यात काढली. जुना मोड असता तर कडा वाळून आकसल्या असत्या. हे बघा, पाणी सुटलंय."

"सकाळी पाऊस पडून गेलाय."

"पाऊस देठाच्या आतून पडत नाही."

आणि मग, मी सावरायच्या आत, ते त्या मुलाकडे वळून ठणकावून म्हणाले, "फ्रेश! व्हेरी फ्रेश ब्रेक!" मुलाने गंभीरपणे मान हलवली. सरकारतर्फे तज्ज्ञ साक्षीदार उभा राहिला होता आणि आरोपीचा वकील पार्किंगमध्ये गाडीत बसून क्रिकेटचा स्कोअर बघत होता.

खरं तर खटला इथे संपला होता. पण काकांना माझ्या शिक्षेपेक्षा माझ्या शिक्षणात जास्त रस होता. त्यांनी खोक्यातून तो देठ काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"माणसाचं गोत्र विचारतात ना, तसा भोपळ्याचा देठ बघायचा. रंगावर जाऊ नका, रंग फसवतो. हा बघा, कडक, धारदार कंगोरे. हा पेपो, भोपळ्याच्या तीन मोठ्या जातींतली एक. कोरायचे केशरी भोपळे, ते एकॉर्न, ती डेलिकाटा, झुकिनीसुद्धा, सगळे पेपो. आता इकडे या." मी गेले. का गेले, माहीत नाही. "हा देठ बघा. कडक आहे, पण फळाला चिकटतो तिथे पसरलाय. हा मॉस्काटा. तुमचं ते बटरनट ह्यातलं. आपल्याकडचा लाल भोपळासुद्धा बहुतेक हाच. आणि हा गोल, जाडा, बुचासारखा मऊ देठ? मॅक्सिमा! कबोचा, हबर्ड आणि ते स्पर्धेतले राक्षस."

राक्षसांची गोष्ट मला माहीत होती, म्हणून थोडी इभ्रत वाचवावी या हेतूने मी म्हटलं, की २०२३ साली कॅलिफोर्नियात हाफ मून बेच्या स्पर्धेत मिनेसोटाच्या एका माणसाने २,७४९ पाऊंडांचा भोपळा आणला होता. म्हणजे जवळजवळ साडेबाराशे किलो.

"खाल्ला का कोणी?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग सोडा."

एवढा मोठा भोपळा पोखरून कॅनडात नोव्हा स्कोशियातले लोक त्यात बसून वल्ह्याने शर्यती करतात, हे सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये, आपल्याकडे भोपळ्यात बसून जंगल पार केलेली म्हातारी आहे. पण काकांचं लक्ष माझ्या ढकलगाडीत गेलं होतं.

"हा बिनदेठाचा कशाला घेताय?"

"घेत नाहीये, घ्यायला लावताय! आता भरीत करीन त्याचं."

काकांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, तशी करुणा माझ्या सासूबाईंनासुद्धा कधी जमली नाही. "ह्याचं भरीत? ताई, ह्याचं पन्हं होईल. हा हाउडन. कोरायला म्हणून काढलेलं वाण. भिंती सरळ, आत पोकळी, गर पाणचट आणि तंतूच तंतू. खायला काढलेलाच नाही तो."

हे मी घरी येऊन पडताळून पाहिलं आणि दुर्दैवाने खरं निघालं. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन नावाच्या शेतकऱ्याने हे वाण तयार केलं आणि हॅलोवीनला डोळे-दात कोरलेले जे भोपळे दिसतात त्यांची छबी बऱ्याच अंशी त्याचीच. त्याचं नाव झालं कशाबद्दल, तर जाडजूड, मजबूत देठाबद्दल. छान हातात येतो म्हणे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या निवड करून एक मूठ तयार करायची, आणि मग वर पाटी लावायची की मूठ धरू नका! (नियमामागे कारण आहे, तेही सांगून टाकते: देठ मोडला की त्या जागेतून बुरशी आत शिरते आणि भोपळा लवकर सडतो. कारण मला पटतं. पाटी मला पटत नाही.)

मग काकांनी माझी खरेदी हातात घेतली. पक्व भोपळ्याची साल नखाने खचत नाही, हे त्यांचं मुख्य प्रमेय होतं आणि ते सिद्ध करण्यासाठी ते खोक्याखोक्याला नखं रोवत चालले. माझ्या गाडीतल्या फळांना रोवली ते ठीक. पण वाटेत एक गोऱ्या बाई आपलं बटरनट कडेवर घेऊन उभ्या होत्या, त्यालाही त्यांनी जाता जाता नख लावलं आणि "गुड! व्हेरी मॅच्युअर!" असा शेरा दिला. बाई बटरनटकडे बघतच राहिल्या. मी शेजारच्या रताळ्यांमध्ये तोंड घातलं.

"बटरनट घेताना मान बघायची," ते मला सांगत होते. "बिया सगळ्या पोटात. मान भरीव. जाड मानेचं, आखूड पोटाचं घ्या. कबोचा कोरडा, पिठूळ, घारग्यांना एक नंबर. पण आणल्या आणल्या चिरू नका, काही आठवडे थंड कोरड्या जागी ठेवा, पिष्टाची साखर होते. एकॉर्न मात्र ठेवू नका, ते टिकत नाही. डेलिकाटा सोलू नका, सालीसकट काप करा. आणि हा घ्या. हा आपला."

त्यांनी ढिगाच्या तळातून एक चपटा, मातकट, खोल फाकांचा भोपळा ओढून काढला. लाँग आयलंड चीज असं त्याचं नाव. चीजच्या चक्रीसारखा दिसतो म्हणून, चीजचा बाकी संबंध नाही. पायऱ्यांवर ठेवला असता तर गल्लीने वर्गणी काढून मला नवा घेऊन दिला असता.

"काका, तुम्ही काय घेतलंत?" मी विचारलं.

"मी? छे! पाऊंडाला पासष्ट सेंट? वेडबिड लागलंय का!"

एवढ्यात त्यांचा मुलगा आला, "बाबा, चला" म्हणाला, आणि मला हळूच "सॉरी हं, ते इथे नेहमी येतात" असं सांगून त्यांना घेऊन गेला. मी गल्ल्यावर. मुलाने हाउडन काट्यावर ठेवला. मग क्षणभर विचार केला, खोक्याशी जाऊन तो देठ आणला आणि तोही काट्यावर ठेवला.

यावर मी आजतागायत विनोदाने बोलू शकलेले नाही.

आता गंमत सोडून बोलते. माझी तक्रार काकांबद्दल कमी आहे. (आहे.) ती त्या खोक्यांबद्दल आहे. एकाही खोक्यावर वाणाचं नाव नव्हतं. "पंपकिन" आणि "स्क्वॉश" एवढ्या दोन पाट्या, आणि त्यांचं विभाजन कशावर केलं होतं ते देव जाणे. चुटूकमुटूक, चट्टेपट्टेवाले गोर्ड, म्हणजे निव्वळ शोभेचे भोपळे, खाण्याच्या डेलिकाटाला खेटून ठेवलेले. त्या गोर्डांमध्ये क्युकरबिटासिन नावाचं कडू जहर असू शकतं, शिजवूनही न जाणारं. खाल्लं तर उलट्या-जुलाब ठरलेले. घास कडू लागला तर थुंकावा आणि सगळी भाजी फेकावी, एवढं तरी कुणीतरी लिहावं की नाही? देठ मोडू नका हे लिहायला मात्र फळा मिळतो, खडू मिळतो, अक्षरही वळणदार निघतं.

आणि जो केशरी रंग बघून आपण भुलतो, त्याला स्वयंपाकघरात कोणी विचारत नाही. अमेरिकेतला डबाबंद भोपळा बहुतेक सगळा याच आमच्या राज्यात होतो. मॉर्टन नावाचं गाव तर स्वतःला भोपळ्यांची जागतिक राजधानी म्हणवतं. त्या डब्यात जातो तो डिकिन्सन. लांबुळका, मळकट, बटरनटचा सख्खा भाऊबंद, मॉस्काटा. डब्यावरच्या चित्रात मात्र केशरी पेपो हसत असतो. असल्या भोपळ्याच्या डब्यावर "पंपकिन" लिहायला अन्न-औषध प्रशासनाचीही ना नाही. म्हणजे राबायचं मळकट लोकांनी आणि फोटो निघायचा गोंडस लोकांचा. आमच्या ऑफिसात हेच चालतं, पण तो विषय वेगळा.

चीज भोपळ्याचे घारगे उत्तम झाले. याचा मला राग आहे.

शेजारणीच्या पायऱ्यांवर यंदा नवी फॅशन आहे, चपटे भोपळे एकावर एक रचायचे. खाली लालभडक सिंड्रेला, मध्ये निळसर राखाडी जॅराडेल, वर एक पांढरा. जॅराडेल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, देखणा असून खायलाही चांगला असतो. हे असं दोन्ही जमलेले थोडेच. तो थँक्सगिव्हिंगनंतर कचऱ्याच्या गाडीत जाणार या विचाराने मला झोप लागेना. कापलेला नाही, रंगवलेला नाही, गारठून मऊ पडला नाही तर चांगला महिनाभर पायरीवर बसूनही तो पानात वाढता येतो. शेवटी काल तिला विचारलं, नंतर तो निळा मला देशील का?

"खातात तो?" ती म्हणाली. "मला वाटलं, मुद्दाम रंगवलाय." आणि मग खूश होऊन म्हणाली, "सगळेच घेऊन जा ना, मला उचलून फेकायचे कष्ट नकोत."

मी वाकून एकेकाला नख लावून पाहिलं. निळा पक्का. लाल ठीक, आमटीत खपेल. पांढरा प्लॅस्टिकचा.

"तोही घेऊन जा," ती म्हणाली.