सुतळीची एक वीत

चौथीच्या वर्गात पन्हाळ्याचा वेढा शिकवत होते. सिद्दी जौहर, आषाढातला पाऊस, गडावरून निघालेल्या पालख्या. वर्ग अगदी चिडीचूप. धडा संपला आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, तुम्ही बघितलायसा का ओ महाराजांना?"

पोरं हसली. मला हसू आलं नाही. त्या पोराच्या डोक्यात काळाचे दोनच कप्पे होते, आत्ता आणि पूर्वी. पूर्वीच्या कप्प्यात त्याची आजी, मी, महाराज आणि डायनासोर सगळे एकत्र. याच मुलाला आम्ही परीक्षेत विचारतो, अफजलखानाचा वध कोणत्या साली झाला? तो १६५९ असं बरोबर लिहितो, आम्ही मार्क देतो, आणि त्याला इतिहास आला असं धरून पुढचा धडा घेतो.

दुसऱ्या दिवशी सुतळीचं बंडल घेऊन गेले. एक वीत म्हणजे दहा वर्षं, असं ठरवलं. मोजायचं पोरांच्याच वितीनं. त्यांचं स्वतःचं आयुष्य वीतभरही होईना, याचं त्यांना फार नवल वाटलं. आजीची गाठ सहा-सात वितींवर पडली. शाहू महाराज १९२२ साली गेले, त्यांची गाठ दहा विती ओलांडून. पन्हाळ्याचा वेढा १६६० चा, छत्तीस वितींच्या पुढं, म्हणजे फळ्यापासून पार मागच्या भिंतीपर्यंत. मग मी आमच्या कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या संग्रहालयातल्या पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची गोष्ट सांगितली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली ती छोटीशी ब्राँझची मूर्ती रोमन काळातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. दोनशे विती! सुतळी वर्गातून व्हरांड्यात, तिथून मैदानात, आणि टोक धरलेली पोरगी फाटकाजवळ जाऊन उभी. तिथूनच ओरडून तिनं विचारलं, "बाई, समुद्राचा देव पंचगंगेवर कसा आला ओ?" त्या एका प्रश्नात बंदरं आली, घाट आले, व्यापारी आणि बैलांचे तांडे आले. तो तास मला अजून पुरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला इतिहास त्याच्या गल्लीपासून शिकवा, आणि प्रत्येक गोष्टीला 'हे कशावरून?' असं विचारायची सवय त्याच वयात लावा. सनावळ्या नंतर आपोआप चिकटतात.

२०१९ च्या महापुरावर आम्ही हेच केलं. ही पोरं तेव्हा फार लहान होती, त्यांना आठवत काही नाही. घरी विचारून या म्हटलं. एकाच गल्लीतल्या तिघांनी तीन उत्तरं आणली. एकीची आजी म्हणे पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, एकाचा काका म्हणे खिडकीपर्यंत. वर्गात जोराचं भांडण. मग शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यातली दोन पोरं पट्टी घेऊन भिंतीवरची पाण्याची खूण मोजून आली. काका जवळपास बरोबर निघाले. आणि आजी? एक मुलगी म्हणाली, "बाई, आजी आदल्या दिवशीच मामाकडं गेलती. तिनं शेवटचं पाणी बघितलंच न्हाई." साक्षीदार खोटं बोलत नसतो, पण त्यानं कुठून आणि कधी बघितलं हे विचारावं लागतं. हे त्या मुलीला नवव्या वर्षी कळलं. मला कॉलेजात जाऊनही धड कळलं नव्हतं.

शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमधूनही मी एक पान उतरवून नेलं होतं. नावं आणि जात गाळून, फक्त साल आणि शाळा सोडल्याचं कारण. 'सतत गैरहजर', 'गाव सोडले', पुन्हा 'सतत गैरहजर'. पोरं विचारायला लागली, का येत नव्हती ती शाळेला? कामाला जात होती काय? तिथं मी शाहू महाराजांचा १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा सांगितला. पोराला शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. आता तो रुपया त्यांना पाठ करावा लागत नाही. तो रुपया कुणासाठी होता हे त्यांनी रजिस्टरमध्ये वाचलेलं असतं.

एका पालकांचा फोन आला. महाराजांच्या इतिहासात 'कशावरून' विचारायला शिकवून पोरांची श्रद्धा कशाला घालवताय, असं म्हणाले. त्यांची कळकळ खरी होती, म्हणून मीही मनापासून बोलले. त्यांना पन्हाळ्याच्या सहलीचं सांगितलं. अंबरखान्याच्या त्या प्रचंड कोठारांत उभं राहून त्यांच्याच मुलानं विचारलं होतं, वेढा चार महिने होता तर आत किती माणसं होती, काय खात होती, पावसात धान्य भिजलं नसेल का? तीन दरवाजा बघून झाल्यावर आम्ही तटावरून विशाळगडाच्या दिशेला बघत बसलो. एवढं अंतर, रात्र, चिखल. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंचं नाव मी घेतलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. एका पोरानं हळूच विचारलं, "शिवा काशीदला माहीत होतं का ओ बाई, आपण परत येणार न्हाई म्हणून?"

माझ्या मते हीच श्रद्धा. पाठ केलेल्या भाषणात ती मला फारशी दिसलेली नाही.

अभ्यासक्रम संपवायचा असतो, तास कमी असतात, वर शाळाबाह्य कामं, हे सगळं मला माहीत आहे, मी त्यातूनच जाते. तरी आठवड्यातला एक तास निघतो.

आता एक मागणं. येत्या २६ जूनला शाहू जयंतीच्या आधी मला पोरांसमोर जुन्या वस्तू ठेवायच्या आहेत. कोल्हापुरात कुणाच्या घरी आजी-पणजीची पाटी, जुनं प्रगतिपुस्तक, शाहू मिलमधल्या नोकरीचा एखादा कागद, बोर्डिंगात राहिलेल्या आजोबांचा फोटो असेल तर कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि दोन दिवसांत परत आणून देईन. आणि घरातलं कुणी वयस्कर माणूस वर्गात येऊन तासभर बसणार असेल तर फारच बरं. प्रश्न पोरं विचारतील. सुतळीवर त्यांच्या जन्माच्या सालाची गाठ आम्ही आधीच मारून ठेवू.